बावीस नियमांचा पाळणा

"माह्या कामावर कोणाच्या नखालेही धक्का लागला, तर मी मिशा उतरवून ठेवीन," असं इंद्रभाननं केनवडच्या भर बाजारात जाहीर केलं, तेव्हा ऐकणारे क्षणभर त्याच्या ओठाकडेच पाहत राहिले. उतरवण्याजोगं तिथं फारसं काही नव्हतं. पण बोलण्यात दम असा होता की कोणी हसलं नाही. साल होतं चौऱ्याहत्तर, आणि इंद्रभान नुकताच अकोल्याहून तीन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन एसटीतून उतरला होता!

ट्रेनिंग होतं उंचावरच्या कामाचं. माणूस उंच चढला की पडू शकतो, हे केनवडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण पडू नये म्हणून काय करायचं, याची छापील पुस्तिका फक्त इंद्रभानकडे होती. तिच्यात बावीस नियम होते. गावच्या पाण्याच्या टाकीचं काम चालू होतं, त्यावर इंद्रभान मुकादम. रोज सकाळी हजेरी झाली की तो विटांच्या ढिगावर उभा राहून बावीसच्या बावीस नियम खड्या आवाजात वाचायचा. मजूर माना डोलवायचे. उन्हाळ्यात कामाला जेवढा उशिरा हात लागेल तेवढं बरंच की!

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर कायम होण्यासाठी. चार वर्षं झाली, इंद्रभान रोजंदारीवरच होता. त्याचा आजा लोकांच्या शेतात राबला, बाप राबला. दीक्षेनंतर शाळेची पायरी चढलेला आणि मॅट्रिकपर्यंत टिकलेला घरातला हा पहिलाच. त्याची आई भागिरथा रोज संध्याकाळी दारात बसून, भाकर झाली का विचारावं तशी विचारायची, "झाला का रे पक्का?" इंद्रभान म्हणायचा, "होतो वं माय." हे ऐकून माय चुलीकडे वळायची. खरं सांगायचं तर त्या माउलीसाठी तो टाकीवरून उडीही मारायला तयार होता, फक्त उडी मारणं नियमात बसत नव्हतं.

आणि एका बुधवारी निरोप आला. गोविंदसिंग सायब शनिवारी पाहणीला येणार! हे खात्याचे शाखा अभियंता. काम पसंत पडलं तर इंद्रभानला कायम करण्याच्या शिफारशीवर तिथंच सही करणार. कागद टाईप होऊन त्यांच्या खिशात तयार आहे, असंही निरोप्यानं सांगितलं. इंद्रभाननं निरोप्याला दोन वेळा चहा पाजला.

टाकी बांधून झाली होती. परांचीचे बांबू सोडून इंझोरीच्या कामावर गेलेसुद्धा. राहिला होता तो वरच्या गोल कठड्याला चुना लावायचा, पस्तीस फुटांवर. त्यासाठी मजबूत फळ्यांचा एक पाळणा केला होता. चारी बाजूंनी कंबरेएवढा कठडा, वर लोखंडी कडी, कडीला दोर. दोर टाकीच्या माथ्यावरच्या कप्पीतून खाली यायचा आणि हातानं फिरवायच्या लोखंडी चाकावर गुंडाळला जायचा. चाक फिरवलं की पाळणा वर. सगळं पुस्तिकेतल्या चित्राबरहुकूम!

त्याच बुधवारी दुपारी चाकाचे तीन दात कडकड करून तुटले.

नवीन चाक अकोल्याहून यायला आठ दिवस लागणार होते. सायब येणार तीन दिवसांनी. इंद्रभान डोक्याला हात लावून टाकीच्या पायाशी बसला. समोरच देवमनचं शेत होतं. देवमनची मोट चालू होती. दोन बैल उतारावरून पुढे गेले, विहिरीतून पाण्यानं भरलेली मोट वर आली. बैल मागे सरकत आले, मोट खाली गेली. पुढे, वर. मागे, खाली. इंद्रभान ताडकन उठला. त्यानं देवमनच्या विहिरीत दोर सोडून माप घेतलं. पस्तीस फूट! जितकी विहीर खोल, तितकंच काम उंच! हा योग नुसता जुळून आला म्हणून भागणार नव्हतं, तो साधायला अक्कल लागते, आणि ती आपल्याकडे आहे अशी इंद्रभानची त्या क्षणी पक्की खात्री झाली.

देवमन पन्नाशीचा, हट्टी आणि गळ्याचा गोड. आठ वर्षं तो पाखऱ्या आणि मोऱ्या या बैलांवर मोट हाकत होता. मोट हाकताना तो दोरावर बसायचा आणि मोठ्यानं गायचा. पार एसटी थांब्यावर उभी असलेली माणसंही त्याचं गाणं ऐकत. गावच्या टाकीचं काम म्हणताच तो लगेच तयार झाला, पण इंद्रभानच्या अटी ऐकून त्याचा चेहरा उतरत गेला. दोरावर बसायचं नाही. चुन्यानं आखलेल्या रेघेच्या आत पाय ठेवायचा नाही. हिरवी झेंडी दिसली की बैल चालवायचे, लाल दिसली की थांबवायचे. तोंडी हुकूम मानायचा नाही, कोणी कितीही बोंबललं तरी.

"आन गाणं?" देवमननं विचारलं.

"गाणं बंद. नियम चौदा. काम चालू असतानी बोलाचं नाई."

"मी बोलत नाई. गातो."

"गाणं म्हंजे लांबलचक बोलणंच ना देवमनभाऊ!"

देवमन तंबाखू चोळता चोळता एवढंच म्हणाला की बैल आपल्या मनानं मोट ओढतात, आपण फक्त त्यांना सोबत म्हणून गातो. हे वाक्य इंद्रभाननं लक्ष देऊन ऐकलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

शुक्रवारी कप्पीतला दोर चाकाऐवजी बैलांच्या जुवाला जोडला आणि रंगीत तालीम झाली. पाळण्यात मातीची चार पोती ठेवली. हिरवी झेंडी दाखवली, बैल चालू लागले, पाळणा डौलात वर गेला. पस्तीस फुटांवर बैल आपोआप थांबले. देवमननं जिभेनं चुकचुक केलं, बैल मागे आले आणि पाळणा खाली टेकताच त्यानं जुवाचा दोर सोडला. इंद्रभाननं स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली. चतुराबाई नावाची जुनी, कामसू बाई होती, ती चुना कालवत होती. तिनं मध्येच विचारलं की चुन्याची बादली ठेवून पाह्यली का. इंद्रभाननं तिला बादलीचं वजन किलोत सांगितलं आणि उद्याचा हुकूम दिला, "पाळणा खाली टेकला की बादली भरून ठेवाची. इचाराचं नाई, थांबाचं नाई." चतुराबाई म्हणाली, बरं.

शनिवारी दहाला जीप आली. गोविंदसिंग सायब उतरले. अंगानं भरभक्कम, कपड्यांनी कडक इस्त्रीचे, आणि स्वभावानं त्याहून कडक. त्यांनी चुन्याची रेघ पाहिली, झेंड्या पाहिल्या, रेघेबाहेर दगडावर गुपचूप बसलेला देवमन पाहिला. बैल पाहिले तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. इंद्रभाननं माप सांगितलं, पोत्यांची तालीम सांगितली. सायबांच्या भुवया हळूहळू खाली आल्या. मग ते म्हणाले की मला वर जाऊन चुना पाहायचा आहे. इंद्रभानच्या छातीत ढोल वाजू लागले!

पाळण्यात चढणाऱ्यानं कंबरेला दोर बांधून तो कठड्याला अडकवायचा, असा नियम. सायबांची कंबर शोधण्यात थोडा वेळ गेला, पण इंद्रभाननं गाठ मारली. ट्रेनिंगमध्ये शिकवलेली खास गाठ, ताण पडेल तशी आवळत जाणारी. मग स्वतःलाही तशीच बांधून घेतली. चुन्यानं भरलेली बादली दोघांच्या मध्ये ठेवली. हिरवी झेंडी वर केली. बैल चालले आणि पाळणा निघाला!

काय सांगावं ते दृश्य! खाली केनवडची घरं, पलीकडे देवमनचं शेत, त्याच्या पलीकडे सडक, आणि वर जाणारा इंद्रभान, शेजारी साक्षात सायब! खाली गर्दी जमली होती. तिच्यात भागिरथाही होती, डोळ्यांवर हात धरून वर पाहत. पस्तीस फुटांवर बैल थांबले. इंद्रभाननं लाल झेंडी दाखवली आणि ती कठड्याला खोचली. सायब म्हणाले, "शाबास. इतकं नियमानं चाललेलं काम मी पहिल्यांदा पाहतोय." त्यांनी खिशातून टाईप केलेला कागद काढला. पेनाचं टोपण उघडलं.

कागदावर पेन टेकणार, एवढ्यात सायबांची नजर बादलीत गेली. त्यांनी बोट बुडवलं. चुना घट्ट आहे, ओता आणि पातळ करून आणा, असं म्हणून त्यांनी डाव्या हातानं बादली उचलली आणि सरळ कठड्याबाहेर पालथी केली.

वरून काहीही खाली टाकू नये, हा होता नियम आठ. इंद्रभानला तो पाठ होता. त्याचं तोंड उघडलंही होतं. पण सायबाच्या हातात पेन, पेनाखाली आपलं नशीब, अशा वेळी सायबाला नियम कोण सांगणार? इंद्रभाननं तोंड मिटलं. टाकीच्या पायाशी पाण्याचा हौद होता. चुना थेट त्यात पडला. भळ्ळ!

खाली पाखऱ्या आणि मोऱ्या यांचे कान एकदम ताठ झाले.

आता मोट कशी चालते ते ऐका. बैल उताराच्या टोकाला पोचले की वर मोट कलंडते आणि पाणी भळ्ळकन दगडी कुंडीत पडतं. तो आवाज झाला की बैल मागे सरकायला लागतात. कोणी सांगावं लागत नाही. खाली गेलेली मोट पाण्याला टेकली की दोर सैल पडतो. दोर सैल पडला की बैलांनी ओळखायचं, मोट भरली, चला पुढे. आठ वर्षं त्या दोन जिवांनी हेच केलं होतं.

बैल मागे सरकू लागले. पाळणा खाली निघाला!

"अरे, हे काय? मी सांगितलं नाही," सायब ओरडले. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. कागद सुटला, गिरक्या घेत गेला आणि हौदात पडला. इंद्रभाननं लाल झेंडी उपसायला हात घातला, तर सायबाच्या कोपराच्या धक्क्यानं ती केव्हाच उडून टाकीच्या एका सळईला लटकली होती. हातात उरली हिरवी. इंद्रभान घाबरून तीच हलवू लागला. देवमननं हिरवी झेंडी पाहिली आणि सगळं ठीक चाललंय असं समजून तंबाखूची चंची उघडली.

पाळणा खाली टेकला. धप्प! इंद्रभान गाठ सोडू लागला, पण गाठ ताणानं अशी आवळली होती की नखं तुटतील. तेवढ्यात चतुराबाई हुकमाप्रमाणे धावत आली. तिनं न विचारता, न थांबता बादली काठोकाठ भरली आणि बाजूला झाली. दोर सैल पडला होता. बैल पुढे निघाले. पाळणा वर!

पस्तीस फुटांवर बैल झटक्यानं थांबले. बादली कलंडली, निम्मा चुना सायबाच्या इस्त्रीवर, निम्मा खाली हौदात. भळ्ळ! बैल मागे. पाळणा खाली. चतुराबाई हजर. बादली भरली. दोर सैल. बैल पुढे. पाळणा वर. भळ्ळ!

"थांबवा," इंद्रभान वरून ओरडला. "देवमनभाऊ, बैल थांबवा."

देवमननं मान वर केली. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मानेनं झेंडीकडे खूण केली. तोंडी हुकूम मानायचा नाही! मग इंद्रभाननं चतुराबाईला ओरडून सांगितलं की बादली भरू नको. पण ते सांगितलं पाळणा वर असताना, भळ्ळच्या आवाजात, आणि खाली येईपर्यंत तिनं बादली भरलेली असायची. बैल, देवमन, चतुराबाई, सगळे अगदी नियमानं वागत होते. इंद्रभानला आयुष्यात पहिल्यांदाच आज्ञाधारक माणसांचा राग आला.

गर्दी मोटा मोजू लागली. चौथी, पाचवी, सहावी. कोणी म्हणालं, एवढ्यात कांद्याचा एक वाफा भिजला असता. सायब नखशिखान्त पांढरे झाले होते, फक्त डोळे लाल. एकदा खाली टेकताना एका गड्यानं पुढे होऊन बैलांची वेसण धरायला पाहिली, तर देवमन दगडावरूनच गरजला, "हात लावू नको. चालत्या मोटेत बैल अडवला तर तो उधळते, दोर सुटते." हे ऐकताच गडी मागे सरला. सायबांनी इंद्रभानचा दंड धरला आणि सातव्या फेरीला वर जाता जाता विचारलं की हे थांबतं कसं.

कसं थांबतं? इंद्रभानला एकदम आठवलं. रोज दुपारी देवमनच्या मोटेचा आवाज बंद व्हायचा. त्याआधी देवमन एकच गाणं म्हणायचा, ठरलेलं. ते गाणं झालं की बैल जागच्या जागी माना खाली घालायचे. पण गाणं नियमाविरुद्ध होतं! नियम चौदा! पुस्तिका खिशात, सायब शेजारी, कागद हौदात. इथं तोंडानं नियम मोडला, तर चार वर्षांवर पाणी. नाही मोडला, तर सायब संध्याकाळपर्यंत मोट. इंद्रभाननं खाली आईकडे पाहिलं. भागिरथा पदर तोंडात धरून उभी होती. पाळणा खाली यायला लागला, तसा तो सगळा जीव एकवटून ओरडला, "देवमनभाऊ, गा. दुपारचं गाणं गा."

आता मात्र देवमननं कानांवरचे हात काढले. तो दगडावरून उठला, पण रेघेपाशी थांबला.

"गाणं नियमात बसते का?"

"बसते."

"सायबाले इचारा."

पाळणा खाली टेकला, चतुराबाईनं बादली भरली, दोर सैल पडला, पाळणा पुन्हा उचलला गेला. त्या उचलीतच चुन्यानं माखलेल्या गोविंदसिंग सायबांच्या तोंडून निघालं, "बसतं हो बाबा, बसतं. गा." देवमननं रेघ ओलांडली. तंबाखू थुंकली. खाकरला. एवढं खाकरायचं काय होतं देव जाणे! पाळणा वर जाऊन, भळ्ळ होऊन परत निघाला, आणि देवमननं सूर लावला:

"चाल रे पाखऱ्या, चाल रे मोऱ्या, ऊन आलं बांधावर,
भाकर आली, पाणी आलं, जू नको रे खांद्यावर."

पाळणा अलगद जमिनीला टेकला. दोर सैल पडला. सगळी गर्दी श्वास रोखून बैलांकडे पाहत होती. पाखऱ्यानं मान खाली घातली. मोऱ्यानं मान खाली घातली आणि शेपटीनं एक माशी हाकलली. चतुराबाईनं बादली भरली ती भरलीच, पण या वेळी कोणी वर गेलं नाही.

गाठी विळ्यानं कापाव्या लागल्या. सायब पाळण्यातून उतरले. कोणी आणून दिलेल्या स्वच्छ पाण्यानं तोंड धुतलं, हौदात तरंगणारा कागदाचा लगदा पाहिला आणि जीपमध्ये बसले. वही मागवून तिच्यात बराच वेळ काहीतरी लिहिलं. वही बरोबर घेऊनच जीप निघून गेली. इंद्रभान धुळीकडे पाहत उभा राहिला. त्या संध्याकाळी भागिरथानं काहीच विचारलं नाही. तिनं भाकर वाढली आणि इंद्रभाननं ती तशीच झाकून ठेवली.

पंधरा दिवस असे गेले की विचारू नका. इंद्रभाननं हजेरीला नियम वाचणं बंद केलं. आणि सोळाव्या दिवशी पोस्टमन दारात आला. खात्याचा लखोटा! इंद्रभाननं तो उभ्याउभ्याच फोडला, पहिली ओळ वाचली आणि अंगणातच उडी मारली. कायम! "इंद्रभान यास कायम करण्यात येत आहे," असं स्वच्छ टाईप केलेलं! भागिरथाचे डोळे भरून आले. तिनं घरात होती तेवढी साखर ताटात ओतली आणि आळीभर वाटायला निघाली. शेजारी जमले, जय भीम, जय भीम झालं, कोणी पाठ थोपटली, कोणी म्हातारीच्या पाया पडलं. चार वर्षांचं ओझं इंद्रभानच्या उरावरून उतरलं होतं.

फक्त त्यानं कागदाची घडी जरा घाईनं घातली. ते देवमनच्या नजरेतून सुटलं नाही. बैलांबद्दल खात्यानं काय लिहिलंय म्हणून तोही आला होता. त्याला वाचता येत होतं, आणि त्या दिवशीच्या गाण्यानंतर तो कोणाचं ऐकणारा उरला नव्हता. त्यानं कागद इंद्रभानच्या हातातून काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि मोट हाकताना लावायचा त्याच आवाजात अख्ख्या आळीला वाचून दाखवलं. सायबांनी आपल्या तपासणीत नमूद केलं होतं की पाळणा आठ वेळा खालीवर होऊनही कोणाला ओरखडाही उठला नाही. नियम आठचा भंग झाला, पण तो कोणाकडून झाला हे नमूद करण्याची गरज नाही. तुटलेलं लोखंडी चाक दुरुस्त करू नये. सदर बैलजोडी खात्याच्या उंचावरील कामांसाठी कायम लावून घ्यावी, आणि कायम बैलजोडीमागे एक कायम इसम लागतो, सबब इंद्रभान यास कायम करण्यात येत आहे.

भागिरथा साखरेचं ताट घेऊन उभी होती. तिनं कागदाकडे पाहिलं, देवमनकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"म्हंजे, तू बैलायच्या हाताखाली लागला का रे बाप्पा?"

इंद्रभाननं ताटातली चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "हाताखाली नाई वं माय. मांगं."